जिझानचा पूल आणि माझी पापडाची जाळी

सौदीहून आल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "बाँब पाहिला का हो?" पाहिला नाही. आवाज ऐकला. दिवाळीतल्या फटाक्यात आणि त्यात फरक एवढाच, की फटाका कुणी लावला ते आपल्याला दिसतं. दुसरा प्रश्न सोन्याचा. तेही आणलं नाही. मी तिथे राहून काय केलं हे मात्र कुणी विचारत नाही, म्हणून लिहून काढते. मी चौथी पास आहे. मोठे शब्द मला येत नाहीत, तेव्हा वाचणाऱ्याला त्रास नाही.

रियाध

माझा मुलगा विनायक पुलांचा इंजिनिअर. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तो लहान होता. आमची मागची भिंत पडली, म्हैस वाचली, आणि नदीवरच्या फरशीपुलाला एवढी भेग गेली की बाजारला जायला लांबून वळसा पडायचा. बाकीची पोरं ते विसरली. याने भूकंपाचंच शिक्षण घेतलं. मग रियाधला एका कंत्राटदाराकडे नोकरी धरली आणि बायकोला घेऊन गेला. सुनेचं नाव नीला. ती तिथल्या आपल्या लोकांच्या शाळेत शिकवते. स्वभावाने बरी आहे, पण पापड तळते. भाजत नाही.

मी गेले दिवाळीनंतर. कुवेत इराकने घेतल्याला काही महिने झाले होते. सगळे म्हणाले, लढाई होणार, जाऊ नका. मी म्हटलं, व्हिसा काढून झालाय. विमानतळावर नीलाने माझ्या नऊवारीवर काळा अबाया चढवला. आत काष्टा, वर ते काळं घोंगडं, मी चालायला लागले की दोन्हींचं आपापसात पटायचं नाही.

रियाधमध्ये रस्ते असे रुंद, की पलीकडच्या बाजूला ओळखीचं माणूस असलं तरी हाक मारण्यात अर्थ नाही. चालणारं कुणी दिसत नाही. पाच वेळा बांग झाली की दुकानाची फळी खाली येते. नीलाला एकदा अर्धी कोथिंबीर घेतलेली असताना बाहेर काढलं. मी म्हटलं, आपल्याकडे दुकानदार दुपारी झोपतो, इथला देवाकडे जातो. गिऱ्हाईक दोन्हीकडे उन्हातच.

एका संध्याकाळी विनायकने मला चहा केला. करत नाही कधी, म्हणून मी सावध झाले. त्याने खिशातून लोकर विणायच्या सुईएवढ्या जाडीची तार काढली, माझ्यासमोर तिची गाठ मारल्यासारखं वेटोळं केलं आणि माझ्या कपात सोडली. गरम चहात पडल्याबरोबर ती तार वळवळली आणि सरळ झाली. अगदी छडीसारखी.

"बघ आई! हिला आपला आकार आठवतो. कितीही वाकव, गरम केली की मूळच्या आकारावर येते."

"त्यात काय. गरम चहा मिळाला की तुझा बापही सरळ व्हायचा."

नीला हसली, तो नाही. तो सांगत राहिला. भूकंपात पुलाचे वरचे गाळे खांबांवरून सरकतात आणि पूल जातो. सरकायला लागले की या तारांच्या सळया त्यांना धरून ठेवतील, स्वतः ताणल्या जातील. मग त्यांच्यातून वीज सोडून त्या तापवल्या, की आखडून गाळे पुन्हा जागेवर ओढतील. परदेशात काही लोक यावर काम करतात, पण पुलात अजून कुणी घातलेल्या त्याने पाहिल्या नव्हत्या. दक्षिणेला जिझानकडे जमीन हलते, पलीकडे यमनमध्ये काही वर्षांपूर्वी गावंच्या गावं पडली होती. तिथल्या एका ओढ्यावर छोटा जुना पूल होता आणि त्याला या सळया बसवून बघायच्या होत्या.

"मग बसव की."

"मुदीर हो म्हणायला हवा." मुदीर म्हणजे तिथल्या रस्त्यांचा साहेब. "तो हो म्हणाला तर माझा इकामा वाढतो. नाही म्हणाला तर आमचा मालक म्हणतो, तारांचे खेळ खलास, सामान बांधा."

इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. तो गेला की माणूस गेला. पोरगा परत आला असता तर मला हवंच होतं. पण तोंड पाडून आलेला नको होता. तोंड पाडलेला माणूस घरात असला की जेवणाला चव येत नाही.

त्यानंतर लढाई सुरू झाली. भोंगा वाजला की आम्ही तिघं एका खोलीत. खिडकीला चिकटपट्ट्या, दाराच्या फटीत ओला टॉवेल आणि तोंडावर रबराचे मुखवटे. माझा मुखवटा अंबाड्यावर बसेना.

"आई, केस सोडा!" नीला त्या रबरातून ओरडायची.

"संध्याकाळी केस सोडून बसू? त्यापेक्षा गॅस परवडला."

विनायकने मुखवटा हाताने दाबून धरला. पंधरवडाभर असं चाललं. शाळा बंद, बँका अर्धवट. मालकाने सांगितलं, ज्यांना बायकापोरं लांब न्यायची असतील त्यांनी न्यावीत. विनायकला तसंही जिझानला जायचं होतं. तारांची एक पेटी त्याच्याकडे आली होती, दुसरी दम्मामच्या बंदरात अडकली होती, कारण बंदरात तोफांना जागा द्यायची की आमच्या तारांना, हे ठरलेलंच होतं. असलेली पेटी, भांडीकुंडी, माझा पापडांचा डबा गाडीत घालून आम्ही निघालो.

घाट

वाळूबद्दल लिहीत नाही. वाळू होती. दुसऱ्या दिवशी अब्हा आलं आणि मला स्वेटर मागावा लागला. डोंगर, ढग, पायऱ्यापायऱ्यांची शेतं. मी विनायकला म्हटलं, हे तू मला आधी दाखवायचं सोडून वाळू कशाला दाखवलीस?

अब्ह्याहून खाली समुद्राकडे उतरणारा घाट आहे. आमचा कुंभार्ली त्याच्यापुढे अंगणाची पायरी. बोगदे संपतात तिथे पूल, पूल संपतो तिथे बोगदा. प्रत्येक पुलावर विनायक गाडी हळू करायचा आणि खाली वाकून खांब बघायचा. नीला म्हणाली, "रस्त्याकडे बघा. पूल पडला तर कळेल आपल्याला."

एका वळणावर थांबलो. कठड्यावर वानरं बसली होती. आपल्याकडची लाल तोंडाची नव्हेत. करड्या आयाळीची, कुत्र्यासारख्या तोंडाची, मामलेदार कचेरीत बसल्यासारखी. मी एकाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. मी चपाती सोडायला कापडी पिशवीकडे हात नेला, तेवढ्यात त्याने पिशवीच नेली. आत खायचं काहीच नव्हतं. चपात्या दुसऱ्या पिशवीत होत्या. त्यात होता माझा चिमटा, लाटणं आणि पापड-भाकरी भाजायची जाळी. वानराने एकेक वस्तू काढली, वास घेतला आणि दरीत टाकली. शेवटी जाळी. ती त्याने दातांनी चावून बघितली, मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याला फसवलं, आणि तीही दरीत टाकली.

"जाऊ दे आई, जिझानला घेऊ."

"वानराला सांग. तो तिथली जाळीही न्यायला येईल."

जिझान

जिझान समुद्रावर आहे. दमट, घाम येतो, माशाचा वास येतो. मला बरं वाटलं. रियाधमध्ये अंग सुकून फुटायला आलं होतं. आणखी दोन गोष्टींनी मी चकित झाले. एक, बाजारात मोगऱ्याचे गजरे. बायका घालतात, आणि डोंगरातून येणारे बाप्येही डोक्याला फुलं बांधून, कमरेला सुरा लावून हिंडतात. आपल्याकडे असा माणूस दिसला तर लोक विचारतील, लग्न आहे की मारामारी. दुसरं, तिथे ज्वारी पिकते. खरी ज्वारी. मी दाणा दाताखाली घेऊन पाहिला. तिची ते आंबवून भाकरी करतात. आंबट लागते, पण ज्वारी ती ज्वारी.

जाळी मात्र मिळेना. बाजारातली निम्मी दुकानं बंद. यमनी लोक लढाईच्या भांडणात घरी धाडलेले, आणि पत्र्याची, तारेची कामं करणारे तेच होते, असं शेजाऱ्याने सांगितलं. एका दुकानात मी हाताने गोल काढून दाखवला, त्यावर पापड ठेवल्यासारखं केलं, खाली फू फू केलं. दुकानदाराने मला पंखा आणून दिला.

भाड्याच्या घरात गॅसची शेगडी होती, तिच्या दांड्या इतक्या लांब लांब की पापड सरळ आत. नीला म्हणाली, "तळते ना मी." माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तारांची पेटी स्वयंपाकघरातच होती, तांदळाच्या पोत्याशेजारी. विनायकचं म्हणणं मी ऐकलं होतं. कितीही वाकव, हिला आपला आकार आठवतो. मग एक घेतली तर काय बिघडलं? काम झालं की गरम पाण्यात टाकायची, सरळ करून ठेवायची. मी एक तार काढली. हाताने छान वाकली. जिलबीसारखं पसरट वेटोळं केलं आणि शेगडीवर ठेवलं.

ती सरळ झाली. पापड आत.

पुन्हा वाकवली. पुन्हा सरळ झाली. दुसरा पापड आत. हा उडदाचा पापड, मी गच्चीवर कावळे हाकत वाळवलेला. मग मात्र मी हट्टाला पेटले. दारामागे बांधकामाची लोखंडी बारीक तार पडली होती. त्या तारेने मी ते वेटोळं एका जुन्या झाकणाच्या कड्याला जागोजाग आवळून बांधलं. म्हटलं, आता हल बघू. गॅस मोठा केला आणि लालबुंद होईपर्यंत तापू दिली. बराच वेळ. मग गार होऊ दिली, बांधलेली तार सोडली. वेटोळं जागच्या जागी. त्यानंतर कितीही तापवली तरी हूं की चूं नाही. अशी सून पाहिजे, असं मी नीलाला म्हटलं, तर ती म्हणाली, "अशी सासू पण."

पापड उत्तम भाजला जायला लागला. विनायकनेही खाल्ले. जाळी कुठून आली ते विचारलं नाही. तो जेवतो तेव्हा त्याच्या डोक्यात पूल असतो.

मुदीर येतो

मुदीरला सगळे अबू सालेह म्हणत. साठीचा, जाड, पांढरी दाढी. तरुणपणी वडिलांच्या उपचारासाठी मुंबईला राहिला होता, त्यामुळे हिंदी येत होतं, माझ्यापेक्षा बरं. विनायकने कचेरीत त्याला तारा दाखवायचं ठरवलं होतं. पण आदल्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर निरोप आला की मुदीर विनायकच्या आईला सलाम करायला घरी येतोय, आणि तारही इथेच बघेल. तिथली रीत अशी, की काम ऑफिसात निघतं पण होतं माणसाच्या घरी, चहा घेताना. हे मला पटलं. आमचा तलाठीही तसाच.

विनायकची त्रेधा उडाली. त्याने लाकडाचा छोटा पूल केला होता. तीन खांब, वर दोन फळ्या, त्या चार तारांनी खांबांना बांधायच्या, आणि सगळं चाकाच्या चहागाडीवर ठेवायचं. गाडी हलवली की भूकंप. पेटीत बघितलं तर अखंड तारा तीनच. बाकीच्या त्याने कापून, तोडून तपासल्या होत्या.

"आई! इथली एक तार कुठाय?"

"ती काय, खुंटीला."

त्याने भिंतीवरची माझी जाळी बघितली. चेहरा असा झाला की मला वानर आठवलं.

"तू हिच्यावर पापड भाजलेस?"

"तूही खाल्लेस. अरे पण ऐक, ती आधी सरळच होत होती, मग मी तिला बांधून..."

"आई, आता नको!" त्याने वेटोळं हाताने उलगडलं, ओढून सरळ केलं. अगदी सरळ झालं. "काही बिघडलेलं नाही. हेच तर हिचं वैशिष्ट्य आहे, कितीही वाकव..."

"विनू, मी तिला लाल..."

"आई, चहाचं पाणी ठेव. भरपूर."

मी पाणी ठेवलं. सांगायचं तेवढं सांगितलं होतं.

अबू सालेह दोन माणसं घेऊन आला. बायकांनी आत बसायचं असतं, पण म्हातारीला कोण अडवतं? मी दारात उभी राहिले. त्याने छातीवर हात ठेवला. "सलाम, अम्मा. जिझान अच्छा है?"

"अच्छा है. ज्वारी है. जाळी नहीं है."

त्याला समजलं नाही, पण त्याने मान डोलावली. मोठा माणूस.

विनायकने खेळण्यातला एक ट्रक पुलावर ठेवला आणि गाडी गदागदा हलवली. फळ्या सरकल्या, तारा वाकल्या, ट्रक कडेला आला. मुदीरच्या माणसांनी "या अल्ला" केलं. विनायकने छाती काढली. "आता बघा साहेब. गरम केलं की पूल आपोआप जागेवर." आणि मी दिलेल्या किटलीतलं उकळतं पाणी चारी तारांवर ओतलं.

तीन तारा सरळ झाल्या. फळ्या सरसर मागे आल्या. एवढं सगळं छान झालं. मग चौथी तार जागी झाली. ती आधी थरथरली, मग शेंडी वळली, मग एकावर एक वेटोळी घेत ती जिलबीसारखी गोल झाली आणि जाताना एका फळीला बरोबर घेऊन गेली. फळी उभी राहिली. ट्रक घसरला आणि मुदीरच्या चहाच्या पेल्यात पडला.

पुलाच्या मध्यभागी माझी पापडाची जाळी, झकास गोल.

"ये क्या है?" मुदीर म्हणाला.

मी पुढे झाले. "वो मैंने किया. पापड के वास्ते."

आणि सगळं सांगितलं. वानर, जाळी, दुकानदाराचा पंखा, दोन जळके पापड, लोखंडी तार, लाल होईपर्यंत गॅस. माझं हिंदी संपलं तिथे मराठी वापरलं, मराठी पुरलं नाही तिथे हात. मुदीर इतका हसला की त्याच्या डोक्यावरचा लाल रुमाल कड्यासकट माझ्या पायाशी आला. त्याची माणसं भिंतीला टेकली. आत नीला हसत होती, तिचा आवाज मला ओळखू येतो.

विनायक हळूच म्हणाला, "लाल तापवून बांधून ठेवली की ती नवा आकार शिकते. कारखान्यात तसंच करतात."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला कळणार नाही. सोपं करून सांगितलं."

"सोपं करून सांगितलंस म्हणून मी सोपं समजून केलं."

मुदीरने डोळे पुसले, पेल्यातला ट्रक काढून बशीत ठेवला. मग त्याचं हसू गेलं. तो विनायककडे वळला. "मेरे पुल के नीचे छाँव है. सब ड्रायवर उधर बैठता है. चाय बनाता है, गोश्त पकाता है. कभी गाडी में आग लगता है. तुम्हारा तार क्या सीखेगा? पापड?"

विनायक जाळीकडे बघायला लागला. मुदीर उठला, म्हणाला, "अभी नहीं," पुन्हा माझ्यासमोर छातीवर हात ठेवला आणि गेला.

रात्रीच्या जेवणाला विनायक बसला नाही. मी पापड भाजले नाहीत. नीलाने तळले, मी गुपचूप खाल्ले.

ओढ्याकाठी

दोन दिवस तो पेन्सिल चावत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, तार झाकायची. सिमेंटच्या जाड नळीत घालायची, आत सुकी माती ठासायची, म्हणजे बाहेर आग लागली तरी आत लाल होण्याइतकी तापणार नाही. तो मुदीरकडे गेला. मुदीरने ऐकून घेतलं आणि म्हणाला, तोंडी नको. ओढ्यावर ये, नळी आण, आग मी आणतो. तार आत वाकडी घाल. आगीत ती वाकडेपणा शिकली तर तू घरी जा. शिकली नाही तर पूल तुझा.

आग त्याने आणली ती बोकडासकट. तिथे माणसाला दुसऱ्या कशासाठी आग पेटवता येत नसावी. कोरड्या ओढ्यात पुलाच्या सावलीत सतरंज्या पसरल्या. कचेरीतले लोक, त्यांचे मेहुणे, कुणाकुणाचे पाहुणे. विनायकने नळी निखाऱ्यांत ठेवली, वर जाळ केला, त्याच्यावर बोकड. सगळे बोकडाकडे बघत होते, एकटा विनायक नळीकडे. मी मांस खात नाही, म्हणून मुदीरच्या घरून माझ्यासाठी गरम भाकरीचा कुस्करा आला, त्यात केळी, तूप आणि मध कालवलेला. आपलं शिकरणच, पण तूप मोजून घातलेलं नाही. मी परातीतला माझा कोपरा संपवला आणि शेजारचाही.

जेवणं झाली, नळी गार झाली, फोडली. वाकडी तार बाहेर काढली. गरम पाणी ओतलं.

तार थोडी हलली आणि वाकडीच राहिली.

"शिकली," मुदीर म्हणाला. विनायक खाली बसला.

मी म्हटलं, "साब, पहिला पापड पण जळा था." त्याने माझ्याकडे बघितलं, मग उरलेल्या हाडांकडे. त्याची सगळी माणसं एकदम बोलायला लागली की हो, बरोबर आहे, मुलाला पुन्हा संधी द्यायला हवी, घाई करू नये. दर नापास तारेमागे एक बोकड, हा हिशेब त्यांच्या लक्षात आला होता. त्यांनी तर पुढच्या आठवड्याचाही विषय काढला.

"यल्ला," मुदीर म्हणाला, म्हणजे चला. "एक बार और. फिर खलास."

दुसऱ्या खेपेला नळी दुप्पट जाड होती. मातीत विनायकने भट्टीच्या विटांचा चुरा मिसळला होता. बोकडही मोठा होता. त्या दिवशी विनायकला भूक नव्हती, नीलाचा चेहरा पांढरा होता. ती गाडीत बसून रेडिओ ऐकते असं म्हणाली. लढाई संपत आल्याच्या बातम्या होत्या. तिने त्या ऐकल्या असतील असं मला वाटत नाही, कारण विचारलं तेव्हा कोण जिंकलं ते तिला सांगता येईना. मुदीरची माणसं गडबडीने जेवली आणि हात न धुता नळीभोवती उभी राहिली. आता त्यांनाही तार बघायची होती. तिच्या नावाने दोन बोकड खाल्ले होते, काहीतरी नातं लागत असेल.

नळी फोडली. तार वाकडी, मध्यावर चांगला कोन झालेला. किटली विनायकच्या हातात, पण तो तार चारी बाजूंनी बघत राहिला. मुदीरने त्याच्याकडून किटली घेतली, माझ्याकडे दिली. म्हणाला, "अम्मा, तुम डालो. ये तुम्हारा बात सुनता है."

मी ओतलं. तार वळवळली, कोन मोकळा झाला, आणि ती सरळ झाली. सळसळीत. मी उरलेलं सगळं पाणी तिच्यावर रिकामं केलं, पुन्हा काही उचापत नको म्हणून. सरळ ती सरळच.

मुदीरने ती उचलली, डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून बघितली, आणि पुलाकडे बोट केलं. "लगाओ."

नीला गाडीतून धावत आली. अबाया पायात येऊन वाळूत पडली, उठली. विनायक रडेल असं मला वाटलं, म्हणून मी त्याला भांडी गोळा करायला लावलं.

दम्मामची पेटी लढाई संपल्यावर सुटली. मी परत यायच्या आठवड्यात पुलाला सळया बसल्या. विनायक मला दाखवायला घेऊन गेला. पूल म्हणजे काय, आमच्या ओढ्यावरच्या मोरीपेक्षा थोडा मोठा. तो खाली उतरून खांबापाशी नळ्या ठोकून बघत होता. त्याला तिथे ठेवून मी वर मध्यभागी गेले, अबाया वर धरला आणि दोन्ही पाय दाणदाण आपटले. नंतर उडीही मारली, जमेल तशी. रस्त्याने जाणारा एक ट्रकवाला थांबून बघायला लागला.

खालून विनायक ओरडला, "आई, काय करतेस? तो भूकंपासाठी आहे!"

म्हटलं, "भूकंप येईल तेव्हा येईल. तोवर मी आहे."

"मग? काय वाटतं?"

मी आणखी एकदा आपटून पाहिलं.

"माझ्या बाजूने पास," म्हटलं, "आता वर ये आणि गाडी सावलीत लाव. माझे पाय दुखतात."